तांबडा दिवा आणि आमचें तर्कशास्त्र

चिरंजिवांनीं मोटार घेतली, तेव्हां तिच्या यंत्रांत आपण लक्ष घालावयाचें नाहीं, असा आम्हीं संकल्प केला होता. तो मोडला, आणि त्याचें प्रायश्चित्तही आम्हांस मिळालें. ती हकीकत वाचकांस सांगणें इष्ट वाटतें.

यवतमाळहून कळंबास श्रीचिंतामणीच्या दर्शनास आम्ही सहकुटुंब निघालों असतां चालकापुढील फलकावर बॅटरीच्या आकृतीचा तांबडा दिवा लागला. किल्ली फिरवितांच हा दिवा लागतो व इंजिन सुरू झालें कीं विझतो. चालत्या गाडींत तो लागला तर कांहीं तरी बिघडलें असें समजावें. सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, एकदां थांबून पट्टा पाहावा का?" पण आम्ही पडलों न्यायशास्त्र पढलेले! धुरावरून अग्नि, तशी चित्रावरून बॅटरी. ती गेली, असा निर्णय आम्हीं तत्काळ दिला. चिरंजीव मर्यादेनें गप्प राहिले. दुसरे दिवशीं नवी बॅटरी आली. दिवा चार दिवस लागला नाहीं. आमची मान ताठ झाली.

पुढें पांढरकवड्याहून रात्रीं परततांना तोच दिवा पुन्हां लागला. मोटारीचे पुढले दिवे मिणमिणूं लागले आणि गाडी निर्जन रस्त्यावर थांबली. अंधारांत नातू आजीस बिलगून रडूं लागला, तेव्हां आमचें सारें तर्कशास्त्र घशांत अडकलें.

बऱ्याच वेळानें एक कारागीर आला. त्यानें गाडी कशीबशी सुरू करून बॅटरीस मापक लावला. बंद गाडींत भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालतांना हा आंकडा बहुधा १३.८ ते १४.५ असावयास हवा. येथें तो १२ वरही चढेना. मग त्यानें विजेरीच्या उजेडांत झिजलेला, सैल पट्टा दाखविला. इंजिन पट्टा फिरवितें, पट्टा अल्टरनेटर फिरवितो, व तो वीज उत्पन्न करून बॅटरी भरतो. दिवसां भार थोडा, म्हणून भागत होतें. रात्रीं दिव्यांचा भार पडतांच पट्टा घसरे. झरा आटला असतां आम्हीं नवा रांजण आणला होता! जुनी बॅटरी निर्दोष होती.

कारागिराची एक सूचना प्रत्येक घरीं ठाऊक असावी. पुष्कळ गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. तो तुटल्यास इंजिन तापतें, म्हणून गाडी तत्काळ थांबवावी. पट्टा शाबूत असेल तर वातानुकूलन व अनावश्यक उपकरणें बंद करून, इंजिन न थांबवितां, जवळचें गॅरेज गांठावें.

साध्य नसतांही जो हेतु आढळतो, त्यास नैयायिक सव्यभिचार म्हणतात. हा हेत्वाभास आम्हीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस शिकविला, आणि स्वतः मात्र त्यांतच फसलों. बॅटरीचे पैसे गेले, त्याचें दुःख नाहीं. घरांतील एका शहाण्या माणसाचें बोलणें केवळ तें वयानें लहान म्हणून आम्हीं ऐकलें नाहीं, हें मनास लागलें. घरीं पोहोंचतांच आम्ही म्हणालों, "सूनबाई, तुझेंच खरें होतें." त्या नुसत्या हंसल्या, आणि चहा ठेवावयास आंत गेल्या.