पाठीवरचा आकडा

त्या मुलाने एंटर दाबलं तो क्षण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मामांचं घर काशीत, ब्रह्माघाटावर. तिथली जुनी मराठी घरं आणि घरातल्या पोथ्या, वेगळं सांगायला नको. मामांच्या चार पोथ्यांचे मी फोटो काढले, कडा कापून सरळ केले. त्यात कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख-वेळ पुसली गेली, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली. पोथ्या गेल्या, उरली माझी डिस्क.

मामांच्या कॉम्प्युटरवरचं आणखी काही त्याच डिस्कवर उतरवत असताना लाइट गेली. डिस्कवरचा फाइल्सचा हिशेब एक्सफॅट पद्धतीचा. एनटीएफएस पद्धत बदलाची आधी नोंद करून ठेवते, एक्सफॅट ठेवत नाही. लिहिता लिहिता वीज गेली की कुठली फाइल कुठे आहे हा हिशेबच अर्धवट राहतो. फोल्डर दिसत होतं, आत काही नव्हतं.

काशीतल्याच लंका भागातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाला म्हटलं, "भैया, पहले पूरी डिस्क की कॉपी बना लीजिए." "अरे, दो मिनट का काम है," म्हणत त्याने विंडोजचं चेकडिस्क दुरुस्तीसकट चालवलं. माझा हात पुढे जाईपर्यंत एंटर दाबून झालं होतं. चेकडिस्कला तुमच्या फाइल्सचं काही पडलेलं नसतं, त्याला हिशेब जुळवायचा असतो. मालक सापडत नाही असे तुकडे ते सीएचके नावाने एका फोल्डरात टाकतं, आणि हे सगळं लिहितं त्याच जखमी डिस्कवर. मी दोनदा सांगितलं होतं. दोनदा! "हो गया" म्हणून त्याने पैसे मागितले आणि मी दिले. का दिले?

कुणावर ही वेळ आली तर डिस्क लगेच काढा, तिच्यावर एक अक्षर लिहू नका. आधी डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्या, मग त्या प्रतिमेवर फोटोरेक चालवा. दोन्ही फुकट मिळतात. फोटोरेक फोल्डर बघतच नाही. जेपीईजीची सुरुवात ज्या बाइट्सनी होते ते शोधत जातं. मी घरी तेच केलं. सहाशेवर फोटो निघाले, पण नावं गेलेली: एफ आणि पुढे सेक्टरचा आकडा. डिस्क जुनी, अर्धी भरलेली, त्यामुळे त्या आकड्यांवरून क्रम लागेना; तारीख-वेळ तर आधीच पुसलेली. चार पोथ्यांची सुटी पानं एकमेकांत मिसळलेली.

मामा चष्मा लावून शेजारी बसले. म्हणाले, "अरे, पाठ बघ." पानाच्या मागच्या बाजूला डाव्या समासात वर बारीक अक्षरांत 'श्रा. प्र.', उजवीकडे खाली २३. श्राद्धप्रयोग, पत्र तेवीस. लिहिणाऱ्याने प्रत्येक पानाच्या पाठीवर पोथीचं नाव आणि आकडा घातला होता. दोरा सुटला, पानं उधळली, तरी पोथी पुन्हा लागावी म्हणून! समोरच्या बाजूला आकडा नसतो. तिथे मामा शेवटचा तुटलेला शब्द मोठ्याने वाचत आणि मी तो कुठल्या पाठीवर पुरा होतो ते शोधत असे. अकरा रात्री लागल्या.

आता वाटतं, त्या पोराची चूक ती काय? डिस्कची दुसरी प्रत ठेवणं माझं काम होतं. पण लंकेवरून जाताना ते दुकान दिसलं की अजून मस्तक फिरतं.

श्राद्धप्रयोगाची ४१ ते ४४ ही पत्रं सापडलेली नाहीत. सीएचके फाइल्स मी पुसलेल्या नाहीत. मामा दर रविवारी फोनवर विचारतात, "एक्केचाळीस लागलं का रे?"