कोणी कोणाचं नाव घेतलं

नागपुरात घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना ऐंशीच्या दशकापासून आहे, डॉ. रूपा कुळकर्णी यांनी ती उभी केली. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही केला. तरी उत्तर नागपुरातल्या ज्या वस्तीत मी काम करत होते, तिथे नाल्याच्या अलीकडच्या बायकांना नोंदणीचं सगळं ठाऊक होतं आणि पलीकडच्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. बातमी अडते कुठे, हे मला कागदावर बघायचं होतं.

रीत जुनीच. माणूस म्हणजे बिंदू, संबंध म्हणजे रेषा, आणि जिने जिचं नाव घेतलं तिच्याकडे बाण. अमेरिकेत हडसनच्या मुलींच्या शाळेतून मुली पळून जात, तेव्हा जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात अशाच आकृत्या काढून त्यामागचे आपसातले धागे शोधले होते.

मी प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले. रात्री लेकराला ताप चढला तर पहिली हाक कोणाला मारता? आणि आता करता ती घरं कोणामुळे मिळाली? दोन ड्रॉइंग शीट घेतले, बिंदू दोन्हींवर त्याच जागी.

पहिल्या कागदावर बाणांचे घट्ट गुच्छ झाले: शेजारीण, जाऊ, बहीण. नाला ओलांडणारा एकही बाण नाही. दुसऱ्यावर मात्र बाण लांब लांब गेले. रामदासपेठेतल्या अपार्टमेंटचा चौकीदार, भाजीवाली आणि सगळ्यात जास्त वेळा बर्डीच्या शेअर ऑटोत भेटणारी कोणीतरी. ‘नाव नाही माहीत जी, पन रोज संगं असते.’ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. ते मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. इथे ते रेषांमध्ये दिसत होतं. नोंदणीची माहिती मग आम्ही सकाळच्या ऑटोत बसणाऱ्या बायकांना आधी सांगितली, आणि पलीकडून अर्जाची विचारणा सुरू झाली.

पहिला कागद मी भिंतीवर लावला नाही. छिंदवाड्याहून नव्याने आलेल्या एकीने तिघींची नावं घेतली होती, तिचं नाव कोणीच घेतलं नव्हतं. नावांऐवजी आकडे घातले तरी घरांच्या ओळीवरून ती लगेच ओळखू आली असती. आकृती खरी असली, तरी ती चारचौघींत दाखवण्याचा हक्क मला नव्हता. बचत गटाच्या ताईंशी मी त्या बाईबद्दल वेगळं बोलले.

तिसरा प्रश्न माझ्या मनात होता: उसने पैसे कोणाकडून घेता? ताईंनी तो ऐकताच हात जोडले. ‘उधारीचं नका काढू मॅडम, घराघरात भांडनं लागतीन.’ तो प्रश्न मी वहीतून खोडला.