कोकणची पिठी, घाटावरचे शेंगोळे

पोटाला रोज हवं असतं, जिभेला रोज तेच नको असतं आणि खिसा दोघांचंही ऐकत नाही! लालबागच्या आमच्या खोलीत हा तिढा आजीने केव्हाच सोडवला आहे.

आजी जुन्नरकडची. ती खानावळ चालवायची तेव्हा तिच्याकडे गिरणीतले वीसएक गडी जेवत. निम्मे कोकणातले, निम्मे घाटावरचे. कुळीथ मात्र दोघांच्याही ओळखीचा. मग एकाच गोणीतून एके दिवशी आमसूल घातलेली पिठी, दुसऱ्या दिवशी लसूण-मिरचीचे शेंगोळे, तिसऱ्या दिवशी मोड आणून उसळ आणि शिजलेल्या पाण्याचं कळण. पिठी तिला शेजारच्या मालवणी काकूंनी शिकवली, शेंगोळे तिने काकूंना.

अशा बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. कर्जाची सोय मंडळाने पाहिली. चवीची ज्या त्या बाईने.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, तसे खानावळीचे पैसेही. तेव्हा आजीने दोडक्याच्या शिरासुद्धा टाकल्या नाहीत. तीळ घालून परतल्या, चटणी केली. ती सांगते, "पानात काही नवं दिसलं रे, की माणसाला वाटतं, दिवसही बदलतील."

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बाबांच्या एका पगारात पाच माणसं जेवतात आणि माझी फीही निघते. त्या फीत कुळथाचा वाटा किती, हे अर्थशास्त्राच्या पेपरात कुणी विचारत नाही. विचारलं, तर उत्तर मला येतं.