जागचा दगड

(इयत्ता दहावी)

प्रवासाहून परतताना मनुष्य काही ना काही वस्तू बरोबर आणतो. गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी इंग्लंडला मावशीकडे गेलो होतो. तेथील एका दिवसाच्या भटकंतीने मात्र घरातली एक वस्तू परत द्यावयास मला भाग पाडले. तिचीच ही हकिकत.

मावशी श्रूजबरी गावी राहते. तेथून सुमारे आठ किलोमीटरवर, सेव्हर्न नदीकाठी रॉक्सेटर नावाचे खेडे आहे. आज तेथे चार घरे आणि शेते दिसतात. परंतु रोमन अमलात त्याच जागी विरोकोनियम हे शहर नांदत होते. विस्ताराने ते रोमन ब्रिटनमध्ये चौथे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्रथम येथे सैन्याची छावणी पडली आणि ती उठल्यावर नगर वसले. एका रविवारी पोळीभाजीचा डबा बांधून मावशी, धाकटा मावसभाऊ आणि मी ते पाहावयास निघालो.

वाटेत अ‍ॅचम येथे उतरलो. नदीकाठच्या संत ईटाच्या जुन्या चर्चची भिंत दाखवून मावशी म्हणाली, “हे मोठाले घडीव दगड पाहिलेस? विरोकोनियमच्या अवशेषांतून आणलेले आहेत हे.”

ते ऐकून मला एकाएकी हायसे वाटले. त्याचे कारण मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते.

आठवीत असताना आमची सहल जुन्या गोव्याला गेली होती. संत ऑगस्टिनच्या पडक्या चर्चचा तो मनोरा तुम्ही पाहिला असेलच. छेचाळीस मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ साली कोसळला. उरलेला अर्धा एकाकी उभा आहे. सर त्याचा इतिहास सांगत होते आणि मी मात्र निळ्या नक्षीच्या फरशीचा एक तुकडा उचलून हळूच खिशात टाकला. दोन वर्षे तो माझ्या टेबलाच्या खणात होता. एवढ्या ढिगाऱ्यातला एक तुकडा गेला तर काय बिघडले, असे मी मनाला समजावीत असे. जुन्या गोव्याच्या पडक्या वास्तूंचे चिरे पणजीच्या बांधकामाला नेले गेले, हे सरांनीच नव्हते का सांगितले? आता अ‍ॅचमची भिंतही माझ्याच बाजूने साक्ष देत होती!

हे समाधान फार वेळ टिकले नाही. रॉक्सेटरला पोहोचताच सुमारे सात मीटर उंचीची एक भग्न भिंत समोर आली. दगडांच्या थरांमधून तांबड्या विटांचे पट्टे गेलेले. ही सार्वजनिक स्नानगृहाची भिंत. शेजारीच विटांचे ठेंगणे खांब ओळीने उभे होते. त्यांच्यावर जमीन उचललेली असे आणि खालून भट्टीची गरम हवा खेळवीत.

परंतु मला खरे थांबविले ते तेथील एका साध्या मोकळ्या जागेने. स्नानगृहालगतचा भव्य दिवाणखाना येथे होता. फिलिप बार्कर या संशोधकाने १९६६ पासून १९९० पर्यंत येथे उत्खनन केले. वरवर पाहता तेथे नुसता दगडमातीचा राडारोडा होता. पण त्याने तो उपसून फेकला नाही. एकेका दगडाची जागा रेखाटून घेतली. तेव्हा ध्यानात आले की, हा राडारोडा मुद्दाम अंथरलेला आहे. लाकडी घरांचे ते जोते होते! लाकूड केव्हाच मातीत गेले. घरांची खूण उरली ती केवळ दगडांच्या मांडणीत. रोमन अंमल संपल्यानंतरही लोक येथे राहत होते, असा निष्कर्ष त्याने त्यावरून काढला.

इतक्यात मावसभावाने कौलाचा एक तुकडा उचलला. मावशी चटकन म्हणाली, “ठेव तो जागच्या जागी.” तिने रागावले त्याला; मान खाली गेली माझी.

जवळच रॉक्सेटरचे जुने चर्च आहे. त्याच्या फाटकाचे दोन खांब म्हणजे रोमन स्तंभच. आतील बाप्तिस्म्याचे पात्रही स्तंभाची बैठक उलटी करून कोरलेले. मी पुष्कळ वेळ ते पाहत राहिलो. हे दगड ज्यांनी नेले त्यांना देवालय उभारावयाचे होते आणि दगडाची जागा काय सांगते हे त्यांना शिकविणारा कोणी नव्हता. माझ्या खणात कसले बांधकाम चालले होते? आणि मला शिकविणारे सर तर चार पावलांवर उभे होते!

डबा सोडताना मी मावशीला सर्व सांगून टाकले. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “नेमका कुठून उचललास, आठवते?”

मला आठवेना.

जूनमध्ये शाळा उघडताच तो तुकडा मी सरांच्या हाती दिला. सर मला घेऊन जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व कार्यालयात गेले. तेथील अधिकाऱ्यांनी तो सावकाश उलटसुलट पाहिला आणि कागद पुढे ओढून विचारले, “कोणत्या जागी सापडला?”

तुकडा परत करता आला. त्याची जागा मात्र मला परत करता आली नाही. त्या कागदावरचा तो रकाना कोराच राहिला.