देव इकडे, नंदी तिकडे

दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे आले, की आमच्या निपाणीत एक प्रश्न हमखास निघतो. "इथं बघायला काय आहे?" आणि आम्ही निपाणीकर तितक्याच हमखासपणे उत्तर देतो, "कोल्हापूर." फार तर गोव्याला जाता जाता बेळगाव दाखवतो, तेही कुंदा घ्यायला थांबतो म्हणून. तंबाखूच्या वखारी काय दाखवायच्या? ज्यांनी त्यांचा वास जन्मभर घेतला, त्यांना तो येत नाही. आणि पाहुण्यांना ठसका लागतो.

गेल्या दिवाळीत बेंगळूरहून बहीण आली, तिचा मुलगा आठवीतला. घरात मराठी बोलतो. पण शाळेत शिकला कानडी, इंग्रजी आणि हिंदी. देवनागरी हिंदीमुळे येते, तरी मराठी वाचताना अडखळतो. मला नेमकं उलटं. बाजारातली कानडी बोलतो, एसटीची पाटी ओळखतो; पण कानडीतलं पत्र आलं, की शेजाऱ्याच्या दारात उभा. तर या भाच्यानं तोच प्रश्न विचारला आणि पुढं म्हणाला, "मामा, कोल्हापूर नको. ते तर सगळेच बघतात." मी वरमलो. हंपी पाहिली, बदामी पाहिली, वेरूळला दोनदा जाऊन आलो. पण बेळगावच्या किल्ल्याला वळसा घालून हजार वेळा गेलो असेन, आत किती वेळा? एकदाही नाही.

म्हणून सुरुवात किल्ल्यापासून केली. आत कमल बस्ती म्हणून जैन मंदिर आहे. सौंदत्तीच्या रट्टांची राजधानी पुढं बेळगावला आली. त्यांचा राजा चौथा कार्तवीर्य आणि त्याचा मंत्री बिचिराज. या बिचिराजानं १२०४ च्या सुमारास ही बस्ती बांधली. मंडपात मान वर केली, की छतातून दगडाचं कमळ उलटं लोंबताना दिसतं. पाकळीखाली पाकळी, जणू आत्ताच पाण्यातून काढून टांगलं आहे. भाचा त्याच्याखाली आडवाच झाला. रखवालदारानं भुवया उंचावल्या, पण काही बोलला नाही.

या बस्तीबद्दलचे दोन मोठे शिलालेख बेळगावात नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि बार्नेट नावाच्या विद्वानानं ते वाचून छापले. राजानं कोणती जमीन दिली, काय काय दान दिलं, हे त्यात आहे. म्हणजे आमच्या गावच्या जमिनीचा कागद बघायचा, तर विमानाचं तिकीट काढा! भाच्यानं विचारलं, "मग ते परत का नाही मागत?" मी म्हटलं, "मागायचं कुणी, यावरच आधी दोन राज्यांत बैठक बसेल." बहीण हसली. मला मात्र माझाच विनोद तितकासा आवडला नाही.

बाहेर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. असे फलक आपण फोटोला पाठ टेकायला वापरतो. त्या दिवशी मी तो उभा राहून वाचला. १९५८ च्या कायद्यानं संरक्षित स्मारक, नासधूस केल्यास शिक्षा. पूर्वी तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होता. २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं झालं. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. पर्यटक हा फलक वाचून पुढं जातो. पण ज्याचं घर त्या शंभर मीटरांत आहे, त्याला तो रोज भिंत पडायला आली की वाचावा लागतो, ही दुसरी गोष्ट. मी वाचत होतो वेगळ्याच कारणानं. दंडाचा आकडा वाचला आणि मला खिद्रापूर आठवलं.

त्याआधी हलशीला जाऊन आलो. खानापूर तालुक्यातलं हे शांत गाव म्हणजे कदंबांची पलाशिका. इथं एकोणिसाव्या शतकात त्यांचे ताम्रपट सापडले, त्यांतले जुने पाचव्या शतकातले. आज गावात कानाला मराठी ऐकू येते. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एका देवाला नमस्कार केला, की दुसऱ्याकडे पाठ होते. बहिणीनं मग मधे उभं राहून दोन्ही बाजूंना हात जोडले.

भीमगडच्या रानात शिरायचा बेत मात्र मीच मोडला. २०११ पासून ते अभयारण्य आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत जी वटवाघळं राहतात, त्यांची शास्त्रानं पहिली नोंद १९१३ ला केली, आणि कित्येक वर्षं जगात ती इथंच आहेत असं मानलं जाई. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. भाच्याला ती बघायची होती. पण गुहेत माणसं शिरली, दिवे लावले, की ती बिथरतात. कमळ बघितल्यानं झिजत नाही; वटवाघळाचं तसं नाही. "न जाणं हीच तिथली सहल," असं मी म्हटलं आणि तो रुसला. दिवसभर बोलला नाही.

रुसवा काढायला खिद्रापूर निघालं. खरं तर मीच ते टाळत होतो. निपाणीहून सदलगा, पुढं दत्तवाड, अकिवाट अशा उसाच्या रस्त्यानं गेलं, की मधे कुठंतरी कर्नाटक संपतं. कळतं कशानं? पाट्यांवरची अक्षरं बदलतात आणि एसटीचा रंग बदलतो. ऊस तोच, बैल तेच. माझी आई निघताना म्हणाली होती, "देव हिकडं आणि नंदी तिकडं. दोन्ही बघून या." कोपेश्वराच्या देवळात नंदी नाही. सती बापाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, तो नंदी नदीपलीकडच्या यडूरला राहिला, आणि सती गेल्यामुळं कोपलेले महादेव इकडं बसले, अशी गोष्ट आमच्या भागात सांगतात. त्यांना शांत करायला विष्णू आले, म्हणून गाभाऱ्यात त्यांचंही लिंग आहे, धोपेश्वर. आता खिद्रापूर महाराष्ट्रात आणि यडूर कर्नाटकात. १९५६ च्या पुष्कळ आधी देवानंच वाटणी करून ठेवली होती म्हणायची!

स्वर्गमंडपात गेलो. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं काम. वर छप्पर नाही, गोल आकाश आहे. खाली त्याच मापाची गोल शिळा, भोवती खांबांचं रिंगण. त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात येतो, म्हणून अलीकडे तुडुंब गर्दी होते. त्या दिवशी आम्ही आणि एक नवपरिणीत जोडपं, एवढेच. भाचा शिळेवर उभा राहून वर बघत होता. मी खांब मोजत आतल्या बाजूला गेलो.

१९८४ मध्ये शाळेची सहल इथं आली होती. मी तेव्हा त्याच्याएवढा. खांबांवर कुणी जयसिंगपूर, कुणी इचलकरंजी कोरलं होतं. आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नसे. निपाणी म्हैसूर राज्यात गेली, ती अजून आली नाही. वडील नकाशावर बोट ठेवून दाखवत. माझ्या डोक्यात आलं, की नकाशात नाही तर नाही, निदान महाराष्ट्रातल्या एका खांबावर तरी निपाणी असू दे. कंपासपेटीतलं कर्कटक काढलं. दगड काळा, कठीण. 'निपा' एवढं झालं आणि सरांची शिट्टी वाजली. सबंध शब्द झाला नाही याचं मला परतीच्या गाडीत रडू येत होतं. केलं ते वाईट, हे मनातही आलं नाही.

ते 'निपा' अजून आहे. फिकट, माझ्या आताच्या कमरेच्या उंचीवर.

"मामा, इकडं या!" भाचा एका शिलालेखापुढं बसला होता. "हे कन्नड आहे!" म्हटलं, असेल, इथले बरेच लेख हळेगन्नडात आहेत. तो बोट न टेकवता अक्षरांवरून हवेतच फिरवत होता. "हा 'र' असणार. हा 'न'. हे काय आहे? आमच्यासारखंच आहे, पण वळण वेगळं." चार ओळींत सात-आठ अक्षरं लागली असतील, पण चेहरा असा, की घरचं पत्र सापडलं. मी शेजारी बसलो. ज्या देवळाला मी आमचं ठरवून त्यावर गावाचं नाव कोरायला निघालो होतो, त्यातला लेख मला वाचता येत नव्हता, आणि हा पोरगा तो वाचत होता.

मग मी त्याला दक्षिण दाराकडं नेलं. तिथं यादव राजा सिंघणाचा लेख आहे, शके ११३६ चा. त्यानं देवाला गावं दिली त्याचा. भाषा संस्कृत, लिपी नागरी. इथं मी पुढं, तो मागं. मलाही सलग लागला असं नाही.

"इथं सगळ्यांनी नावं का लिहिलीत?" येताना खांबाकडं बघून त्यानं विचारलं. टाळता आलं असतं. मी 'निपा' दाखवलं. तो खाली वाकला.

"हे कुणी?"

"मी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग खांबाकडं. "पुसता येतं का?"

"पुसायला गेलं, तर दगडच आणखी घासेल."

"एक लाख रुपये," तो हळूच म्हणाला. फलक त्यानंही वाचला होता तर. मग जरा वेळानं, "पूर्ण का नाही केलं?" मी शिट्टीचं सांगितलं. तो हसला नाही. वहीत शिलालेखातली अक्षरं उतरवून घ्यायला परत जाऊन बसला. मी दूर उभा राहून ते जोडपं खांबाजवळ काय करतंय, यावर लक्ष ठेवत राहिलो. त्यांनी फक्त फोटो काढले.

उन्हं कलली. रात्री बहिणीची बेंगळूरची गाडी होती. मंदिराच्या मागं कृष्णा दिसते, पलीकडचा काठ कर्नाटकाचा. यडूरला जायचं तर आता फेरा पडला असता. घरी पोहोचलो तेव्हा आई पणत्या लावत होती.

"देव बघिटलासा?"

"हो."

"आणि नंदी?"

"वेळ झाला नाही, आजी," भाचा म्हणाला.

"मग निम्मंच बघून आलासा की," म्हणत तिनं त्याच्या हातात तेलाची बुधली दिली.