चकमक, दोरी आणि पोपटी

दिवाळीचा फराळ संपत आला, पाहुणे परतले, की शहरातल्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो : आता मुलांना घेऊन कुठे जायचे? महाबळेश्वर आहे, समुद्रकिनारे आहेत. पण या दोहोंच्या मधे, सावित्रीच्या खोऱ्यात, महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके आहेत. कोकणात जाणारा मुंबईकर येथे चहा पितो आणि पुढे निघतो. फार तर रायगड पाहून येतो. या खेपेला दोन दिवस मुक्काम करावा आणि एक नवी हौस लावून घ्यावी. काडेपेटी, नायलॉनची दोरी आणि गॅसची शेगडी यांवाचून आपले किती निभते, ते पाहायचे! ऑस्ट्रेलियाचे जॉन प्लँट २०१५ पासून यूट्यूबवर नुसत्या हातांनी झोपड्या नि मडकी करून दाखवीत आले आहेत, आणि जग ते टक लावून पाहते. आपल्याकडे ही विद्या अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत आहे.

आरंभ चकमकीने करावा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात. गारेच्या धारेवर पोलादाचा तुकडा घासून मारला, की पोलादाचे बारीक कण सुटून पेटतात, तीच ठिणगी. ती सावरीच्या करपवलेल्या कापसावर झेलायची आणि हळूच फुंकायची. पोलादपूरच्या नावातच पोलाद आहे, तेव्हा तेथे हात लवकर बसावा!

मग दोरी. मुरुडशेंग आपल्याला बाळाच्या गुटीमुळे ठाऊक असते. तिचे झुडूप ते केवण. केवणीच्या सालीच्या आतला वाख निघतो, त्याचे दोन पदर घ्यावेत. प्रत्येक पदराला मांडीवर एका दिशेने पीळ द्यावा आणि दोन्ही पदर एकमेकांभोवती उलट दिशेने वळावेत. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून दोरी उलगडत नाही.

पण खरी मौज पोपटीची, आणि ती थंडीतच साधते. भाताच्या कापणीनंतर त्याच खाचरांत, उरल्या ओलीवर, वाल होतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालावा. वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवे तर बटाटे नि अंडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च बसवून मडके जमिनीवर उपडे ठेवावे आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवाव्यात. आत पाणी नाही की तेल नाही. शेंगांतल्या ओलाव्याची वाफ होते, ती वर चढते आणि उपड्या मडक्यात कोंडून राहते. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारावा. चर्र वाजले की पोपटी झाली.

हे शिकवील कोण? या मुलखात रानाची नस ओळखणारे लोक म्हणजे कातकरी. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी रानांवर निर्बंध आले आणि तो धंदा त्यांच्या हातून गेला. आज कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. म्हणजे आपण हौसेने रानाकडे निघतो, त्याच दिवसांत रान जाणणारा माणूस पोटासाठी तेथून उठतो! म्हणून शिकवणाऱ्याला "मामा" म्हणून गोड बोलण्याने भागणार नाही. दिवसाची मजुरी आधी ठरवावी आणि हातावर ठेवावी. शहरात गाण्याच्या मास्तरांना आपण फी देतोच की!

दोन पथ्ये मात्र पाळावीत. सरकारी रानात जाळ करू नये, झाडावर कोयता चालवू नये. तो गुन्हा आहे, आणि वाळल्या गवताला वणवा लागायला एक ठिणगी पुरते. मालकाला विचारून मोकळ्या खाचरात चूल मांडावी, शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि उठण्यापूर्वी निखारे पाण्याने विझवावेत.

जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, वीज गेली, फोन मुके झाले. तळीये गावावर तर दरडच कोसळली. अशा आपत्तीला चकमक पुरी पडते, असे कोणी म्हणणार नाही. पण ओल्या दिवसांत कोरडी काटकी कुठे शोधावी आणि दोन काठ्या पक्क्या कशा बांधाव्यात, हे घरातल्या एका तरी मुलाला येत असेल, तर त्या घराला तेवढा आधार अधिक. मडके बाजारात मिळते. वाल भरेपर्यंत दोरी वळण्याचा सराव करून ठेवावा.