मोरचुदाची मात्रा

हसनाबादच्या बाजूला मोसंबीच्या बागांतून पावसाळ्याच्या तोंडावर बुंध्यांना निळसर लेप चढतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ब्रश फिरवायचा, म्हणजे डिंक्या रोग लांब राहतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण मुंबई बंदरात नांगरलेल्या शिडाच्या होडीला पाण्याखाली जो रंग देतात, त्याचाही जीव मोरचुदासारखा बहुतेक वेळा तांब्यातच असतो. बागाईतदाराला एक गोष्ट सांगावी लागत नाही: लेप पावसाने हळूहळू धुपणार आणि पावसाळा सरला की पुन्हा द्यावा लागणार. होडीवाला मात्र दुकानात गेला की पहिला प्रश्न टाकतो, ‘हा किती वर्षं टिकेल?’ माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. तो एकसारखा झिजेल का, हे विचारायला हवं.

कारण ज्याच्याशी गाठ आहे तो प्राणी चिवट आहे. बार्नॅकलची अळी डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी. ती बुडावर उतरते, पुढच्या दोन मिशांवर पावलं टाकत जागा चाचपते, पसंत पडली की डोकं खाली करून स्वतःला चिकटवून घेते. मग भोवती चुन्याचं घर बांधते आणि उरलेला जन्म पायांनी पाणी ढवळून घास तोंडात ओढते. खरवडून काढली तरी तळाची पांढरी चकती बुडाला तशीच राहते, आणि पुढच्या पिढीला तीच जागा आवडते. २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत, म्हणजे मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या होडीने १९६९ साली एकट्या माणसाला न थांबता जगप्रदक्षिणा घडवली तिच्या स्मरणार्थ झालेल्या शर्यतीत, पहिली होडी २१२ दिवसांत परतली. त्याच शर्यतीतल्या टापिओ लेहतिनेन यांच्या होडीचं बूड बार्नॅकलने भरलं होतं. त्यांना ३२२ दिवस लागले. होड्या वेगळ्या, वारे वेगळे, तेव्हा सगळा दोष बुडाला देता येणार नाही. पण खरबरीत बूड घेऊन महासागर ओलांडणं म्हणजे नांगर जमिनीत रुतवून बैलगाडी हाकणं.

झिजण्याचा पुरावा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकायला ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजापासून सुरुवात केली. बूड स्वच्छ राही, पण खाऱ्या पाण्यात पत्रा झिजत जाई. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने उपाय काढला: तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडा, लोखंड गंजेल, तांबं वाचेल. तांबं खरंच वाचलं. आणि त्या वाचलेल्या तांब्यावर शिंपले आणि शेवाळ माजलं! विरघळणारं तांबंच पहारा देत होतं. ते विरघळायचं थांबलं आणि पहारा उठला. (डेव्हीची फजिती म्हणून हा किस्सा सांगतात. मला तो त्याचा सर्वांत उपयोगी प्रयोग वाटतो.)

आजच्या कठीण रंगांत थोडी तीच गोम आहे. त्यांचा थर शाबूत राहतो, पण वरच्या भागातलं तांबं निघून गेल्यावर मागे पोकळ जाळी उरते. दिसायला रंग, कामाला शून्य. शिवाय आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारतात. महिनोन्‌महिने कोरड्यावर राहिलेला कठीण रंग मंदावतो. नव्या झिजणाऱ्या रंगांपैकी बरेचसे हा मुक्काम सोसतात. डब्यावर तसं लिहिलंय ना, एवढं पाहावं. तेव्हा कोकणातल्या होडीला झिजणारा रंगच बरा. आणि शाकारणं हीसुद्धा अर्धी औषधयोजनाच: दोन महिने पाण्याबाहेर बुडावरचं बरंचसं जिवंत आपोआप मरतं. फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला तांब्याचा रंग लावू नये. दोन धातूंच्या भांडणात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

कोणी म्हणेल, विष झिजून समुद्रातच जाणार ना? जातं. म्हणूनच झिजणं पुरेसं नाही, पाण्यात गेलेलं विष पुढे काय करतं हेही पाहावं लागतं. ट्रायब्युटिल टिनचे रंग सुरेख झिजत आणि बूड लख्ख ठेवत. पण फ्रान्समधल्या आर्काशाँच्या उपसागरात कालवांची कवचं वेडीवाकडी जाड झाली, त्यांची पिल्लावळ जगेना. लिटरमागे ग्रॅमचा अब्जावा भाग एवढ्याशा मात्रेने गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांवर बंधन घातलं. जागतिक बंदी लागू व्हायला सप्टेंबर २००८ उजाडला. तांबं त्या मानाने सौम्य, तरी निरुपद्रवी नव्हे, खासकरून बंदिस्त बंदरात. मग बिनविषारी, निसरडे सिलिकॉनचे रंग का नकोत? रोज वेगाने धावणाऱ्या जहाजाला ते उत्तम, कारण चिकटलेलं पाण्याच्या झोताने सुटतं. पण शिडाची होडी आठवड्यातले सहा दिवस नांगरावर झुलते. तिला तो झोत मिळणार कुठून?

राहिली निगा. जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, तोंडाला मास्क बांधा, निघालेला गाळ वाळूत सोडू नका. पाण्यात असताना शेवाळ मऊ फडक्याने पुसा. खरखरीत ब्रशाने तांब्याचा ढग उठतो आणि रंगाचं आयुष्यही जातं. डेव्हीच्या लोखंडासारखे गंज स्वतःवर घ्यायला लावलेल्या जस्ताच्या तुकड्यांवर रंग नको. पाणरेषेला आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला एक हात जास्त द्या. आणि पहिला हात लाल, त्यावरचा निळा द्या. निळ्यातून लाल डोकावला की होडी वर ओढायची.